सदतीस मिनिटांचं भाषण आणि दहा सेकंदांचे न्यायाधीश

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगून ठेवतो. ज्यांना "थोडक्यात सांगा ना भाऊ" म्हणायची सवय आहे त्यांनी इथूनच वर सरकवा, राग नाही.

कुठल्याही मोठ्या नेत्याचं भाषण झालं की चहाच्या टपरीपासून टीव्हीच्या स्टुडिओपर्यंत पहिला प्रश्न ठरलेला. "बोलला चांगलं, पण मतं मिळतील का?" काय बोलला, खरं बोलला का, याआधी असं कुणी बोललं होतं का, हे नंतर. बहुतेक वेळा ते नंतर येतच नाही. वीसेक वर्षं तालुक्याच्या गावात बातमीदारी करून माझं स्पष्ट मत झालंय की हा प्रश्न हुशारीचा नाहीच. हा आळसाचा प्रश्न आहे. भाषण न ऐकता त्यावर बोलता यावं म्हणून शोधलेली पळवाट आहे.

उदाहरण अमेरिकेतलं देतो, १८ मार्च २००८ चं. आपल्याकडचं दिलं की मुद्दा बाजूला राहतो आणि मी कुठल्या पक्षाचा हे शोधायला कमेंटमध्ये जत्रा भरते. म्हणून मुद्दाम लांबचं घेतो. आणि खरं सांगायचं तर प्रचारातल्या एका भाषणावर लोक कसकसे वागतात याचं एवढं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही.

तेव्हा बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष नव्हते. डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवारीसाठी हिलरी क्लिंटन यांच्याशी त्यांची झुंज चालू होती. जानेवारीत आयोवासारखं बहुसंख्य गोऱ्यांचं राज्य त्यांनी जिंकलं होतं आणि प्रतिनिधींच्या मोजणीत ते पुढे होते. अशा वेळी १३ मार्चला एबीसी वाहिनीने एक बातमी दाखवली. ओबामा शिकागोच्या ज्या चर्चमध्ये वीस वर्षं जात होते, तिथले पाद्री जेरेमाया राईट यांच्या प्रवचनांचे तुकडे. एका तुकड्यात राईट म्हणतात की देवाने अमेरिकेला आशीर्वाद द्यावा असं कसलं म्हणता, शापच द्यावा. दुसऱ्यात, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर पाचच दिवसांनी, अमेरिकेने जगात जे पेरलं ते आता घरी परत आलंय, अशा अर्थाचं बोलतात.

झालं. पुढचे चार-पाच दिवस सकाळ-संध्याकाळ, प्रत्येक वाहिनीवर तेच दहा-वीस सेकंद.

हे कुणी लोकांनी चोरून काढलेलं चित्रीकरण नव्हतं, बरं का. चर्चच ती प्रवचनं विकत होतं. पूर्ण ऐकायची कुणाला इच्छा असती तर पैसे देऊन मिळत होती. पण पूर्ण ऐकायचं कुणाला होतं? शापवालं प्रवचन २००३ च्या एप्रिलमधलं, इराक युद्धाच्या वेळचं. त्यात त्या वाक्याच्या आधी सरकारं कशी बदलतात आणि कशी खोटं बोलतात याची लांबलचक यादी आहे. अमेरिकन सरकारने आदिवासींना, गुलामांना, जपानी वंशाच्या नागरिकांना कसं वागवलं ते सगळं त्या यादीत येतं. ११ सप्टेंबरवाल्या प्रवचनात आपण एका माजी राजदूताची टीव्हीवरची मुलाखत ऐकून बोलतोय, असं ते आधी सांगतात आणि शेवटी ही वेळ स्वतःला तपासायची आहे म्हणतात. आता हे सगळं कळल्यावर तुम्हाला राईट पटतीलच असं नाही. मला सगळे पटत नाहीत. एड्सचा विषाणू सरकारनेच काळ्यांना मारायला तयार केला, असलंही ते बोलले होते आणि ते धादांत खोटं आहे. पण पटत नाही हे म्हणायचा हक्क ऐकल्यावर येतो.

आपल्याकडे हे समजायला सोपं आहे. कीर्तन आठवा. महाराज तासभर बोलतात, मध्येच सासू-सुनेवर, सरकारवर, पुढे बसलेल्या पुढाऱ्यावर एखादा फटका मारतात, मंडप हसतो, पुन्हा अभंगावर येतात. तो फटका तेवढा कापून घ्या आणि दिवसभर व्हॉट्सअपवर फिरवा. महाराज संध्याकाळपर्यंत एकतर देशद्रोही ठरतील नाहीतर क्रांतिकारक. अमेरिकेतल्या काळ्यांच्या चर्चची परंपरा साधारण याच जातीची आहे. पाद्री बोलतो, समोरचे लोक मोठ्याने दाद देतात, आवाज चढत जातो, देवाच्या नावाने राज्यकर्त्याला फटकारणं हा त्या प्रवचनाचा जुनाच भाग आहे. गोऱ्या अमेरिकेतल्या लाखो लोकांनी हे आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, तेही दहा सेकंद.

सल्लागार काय सांगतात अशा वेळी? आपल्याकडे सांगतात तेच. एक पत्रक काढा, "वैयक्तिक मत आहे, मी सहमत नाही" म्हणा, पाद्रीबुवांना चार दिवस गायब करा, विषय बदला. ओबामांनी तसलं पत्रक आधी काढलंही. त्याने भागलं नाही. मग त्यांनी ठरवलं की भाषण करायचं. फिलाडेल्फियाच्या नॅशनल कॉन्स्टिट्यूशन सेंटरमध्ये, मंगळवारी सकाळी. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या पहिल्या शब्दांपासून सुरुवात. (आपल्या उद्देशिकेची सुरुवातही "आम्ही" पासूनच होते, हे जाता जाता.) सदतीस मिनिटं. जवळपास पाच हजार शब्द. टाळ्या खेचायचा प्रयत्न नाही, नेहमीचा चढा सूरही नाही. मागे झेंड्यांची रांग आणि समोर वाचून दाखवणारा माणूस.

आता काय बोलले ते. थोडक्यात सांगायचं पाप करतोय, पण नाइलाज आहे.

राईट यांची वक्तव्यं चूक आहेत, फूट पाडणारी आहेत, हे त्यांनी स्पष्ट म्हटलं. मग म्हटलं की हाच माणूस पूर्वी अमेरिकेच्या मरीन दलात होता, त्याने माझं लग्न लावलं, माझ्या मुलींचा बाप्तिस्मा केला, गरिबांची, बेघरांची, एड्सच्या रुग्णांची सेवा करणारं चर्च उभं केलं. याला मी माझ्यातून काढून टाकू शकत नाही. माझ्या गोऱ्या आजीलाही नाही. तिने मला वाढवलं, माझ्यासाठी काय काय सोसलं. पण रस्त्यात समोरून काळा माणूस आला की भीती वाटते हे तिने एकदा कबूल केलं होतं, आणि तिच्या तोंडून जातीवंशाबद्दल असं काही निघायचं की मला अंगावर काटा यायचा.

हे थांबून वाचा. राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार, आजी जिवंत असताना, देशासमोर हे बोलतोय.

त्यापुढचा भाग तर कुणी दाखवलाच नाही, आणि खरा ऐवज तिथेच आहे. राईट यांच्या पिढीचा राग कुठून आला ते त्यांनी एकेक करून सांगितलं. शाळा वेगळ्या होत्या, कमी दर्जाच्या होत्या, आणि १९५४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होऊन पन्नास वर्षं झाली तरी त्या सुधारल्या नाहीत. काळ्यांना मालमत्ता घ्यायला अडवलं जायचं. धंद्याला कर्ज नाही. सरकार ज्या घरकर्जांना हमी देत होतं ती काळ्या घरमालकांना मिळत नव्हती. कामगार संघटनांत, पोलिसात, अग्निशमन दलात प्रवेश नाही. म्हणजे पुढच्या पिढीला द्यायला घर नाही, जमीन नाही, साठवलेलं काही नाही. आज काळ्या आणि गोऱ्या कुटुंबाच्या संपत्तीत एवढी दरी का, याचं उत्तर या यादीत आहे. आळशीपणाच्या गप्पांत नाही.

आणि मग ते गोऱ्या माणसाच्या रागाकडे वळले. हे त्यांचं सगळ्यात धाडसाचं. म्हणाले, कष्टकरी गोऱ्या माणसाला आपल्याला वंशामुळे काही फुकट मिळालं असं वाटत नाही. तो आयुष्यभर राबलाय, त्याची नोकरी परदेशात गेलीय, पेन्शन बुडालीय. त्याला सांगतात की तुझ्या पोराला गावाच्या पलीकडच्या शाळेत बसने पाठव, नाहीतर ऐकू येतं की एखाद्या काळ्या उमेदवाराला त्याने स्वतः न केलेल्या अन्यायाची भरपाई म्हणून आधी जागा मिळाली, तेव्हा तो चिडतो. त्याला नुसतं वंशवादी म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. हा राग वापरून कुणाचं राजकारण उभं राहिलं आणि कुणाचा रेडिओवरचा धंदा चालला, तेही सांगितलं.

आता आपल्याकडच्या आरक्षणाच्या चर्चा आठवा. दोन्ही बाजूंचा राग एकाच भाषणात, दोघांनाही शिवी न देता मांडणारा पुढारी तुम्ही कधी शेवटचा ऐकलात? मी आठवून आठवून थकलो.

शेवटी त्यांनी एक गोष्ट सांगितली. दक्षिण कॅरोलायनातल्या फ्लॉरेन्समधली अ‍ॅशली नावाची तेवीस वर्षांची गोरी मुलगी, त्यांच्या प्रचारात काम करणारी. ती नऊ वर्षांची असताना आईला कॅन्सर झाला, नोकरी गेली, आरोग्य विमा गेला, दिवाळं निघालं. आईचे पैसे वाचावेत म्हणून मला मोहरीची चटणी आणि लोणचं घातलेलं सँडविचच सगळ्यात आवडतं, असं ती आईला सांगत राहिली, कारण ते सगळ्यात स्वस्त. कार्यकर्त्यांच्या बैठकीत सगळे आपण इथे का आलो ते सांगत होते. एका म्हाताऱ्या काळ्या माणसाची पाळी आली. तो ओबामांसाठी आलो म्हणाला नाही, युद्धासाठी नाही, महागाईसाठी नाही. म्हणाला, मी अ‍ॅशलीसाठी आलोय.

तर असं भाषण. आता प्रतिक्रिया.

त्याच रात्री जॉन स्टुअर्ट नावाच्या विनोदी कार्यक्रमवाल्याने जे म्हटलं त्याचा अर्थ असा, की एका मोठ्या राजकारण्याने अमेरिकनांशी वंशाबद्दल ते जणू मोठी माणसं असल्यासारखं बोललं. सगळ्या प्रतिक्रियांत मला हीच नेमकी वाटते आणि ती एका विनोदवीराची आहे, यात पत्रकारांनी काय ते समजून घ्यावं. दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क टाइम्सने अग्रलेखात भरभरून कौतुक केलं, लिंकनपासून केनेडींपर्यंत सगळ्यांची आठवण काढली. केनेडींनी १९६० मध्ये ह्यूस्टनला आपल्या कॅथलिक असण्याबद्दल भाषण केलं होतं, त्याच्याशी तुलना झाली.

ही कौतुकवाली मंडळीही माझ्या दृष्टीने अर्धीच. "ऐतिहासिक" म्हणून टाळ्या वाजवल्या आणि घरी गेले. घरकर्जांचं काय, शाळांचं काय, यावर त्या आठवड्यात कुणी पानं भरली? भाषणाला हार घालणं हीसुद्धा ते न ऐकण्याची एक रीत आहे. आपल्याकडे जयंतीला करतो तेच.

दुसऱ्या बाजूचं काय? चार्ल्स क्राउथॅमर यांनी वॉशिंग्टन पोस्टमध्ये लिहिलं की हे चमकदार फसवणुकीचं भाषण आहे. आजीची खासगीतली कुजबुज आणि पाद्र्याने भर सभेत केलेली गर्जना एका तराजूत तोलता? आणि एवढं वाईट होतं तर वीस वर्षं त्या बाकावर बसून का राहिलात? मी ओबामांचा भक्त नाही म्हणून सांगतो, हा प्रश्न रास्त आहे. भाषणात त्याचं पुरेसं उत्तर नाही. शिकागोच्या दक्षिण भागात काळ्या मतदारांत पाय रोवायला ते चर्च उपयोगाचं होतं, हे कुठलाही तालुका पातळीवरचा कार्यकर्ता ओळखेल. क्राउथॅमरशी वाद घालता येतो. त्यांनी भाषण नीट वाचलंय, त्याचा एक दुवा पकडलाय आणि तो ओढलाय. विरोध असाच असावा.

पण खरा गोंगाट क्राउथॅमरचा नव्हता. तो होता एका वाक्याचा. "आजीला बसखाली ढकललं!" स्वतःच्या फायद्यासाठी आपल्याच माणसाचा बळी दिला, या अर्थाचा हा अमेरिकन वाक्प्रचार. रेडिओवर, टीव्हीवर, इंटरनेटवर आठवडाभर तेच. दोन दिवसांनी फिलाडेल्फियाच्या एका खेळांच्या रेडिओवर ओबामा आजीबद्दल समजावताना ती एक साधारण गोरी बाई आहे अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेले, ते वाक्य फारच गचाळ होतं, आणि आणखी दोन दिवसांची सोय झाली.

मला राग येतो तो इथे.

ज्यांनी ज्यांनी "आजीला बसखाली ढकललं" म्हटलं, त्यातल्या किती जणांच्या घरात अशी आजी नव्हती? आपल्या घरात नव्हती? जी आपल्याला भरवायची, आजारपणात रात्रभर उशाशी बसायची, आणि जिच्या स्वयंपाकघरात कोपऱ्यातल्या फळीवर एक वेगळी कपबशी असायची. ती कुणासाठी होती हे सगळ्यांना माहीत. कुणी मित्र घरी आला की "कुणाचा रे हा?" विचारायची, आणि तो गेल्यावर पायरीवर पाणी. आपण तिच्यावर प्रेम केलं आणि ती कपबशी पाहिलीच नाही असं वागलो. जो म्हणतो की आजी माझी आहे आणि कपबशीही खरी आहे, त्याने आजीचा अपमान केला म्हणे! अपमान आधीच झाला होता, ज्याला त्या कपात चहा दिला त्याचा. त्याच्या बाजूने कुणी आठवडाभर बोललं नाही.

हे काही मी ओढूनताणून जोडत नाही. अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याशी आपलं नातं जुनं आहे. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली तिचं नावच तिकडच्या ब्लॅक पँथरवरून आलेलं. त्यामुळे तिकडचं भाषण आपल्याला काय करायचंय, असं निदान मराठी माणसाने म्हणू नये.

ती आजी, मॅडलिन डनहॅम, हवाईत त्याच नोव्हेंबरमध्ये, निवडणुकीच्या तोंडावर गेली. नातू निवडून आलेला तिने पाहिला नाही.

एक प्रतिक्रिया मात्र मनापासून सांगावीशी वाटते, कारण ती पलीकडच्या पक्षातली आहे. माइक हकाबी. रिपब्लिकन, स्वतः बाप्टिस्ट पाद्री, दोनच आठवड्यांपूर्वी राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीतून बाहेर पडलेले, दक्षिणेतल्या आर्कान्सॉचे माजी गव्हर्नर. ते टीव्हीवर म्हणाले की प्रवचन देताना माणूस भरात काहीबाही बोलून जातो हे मला पाद्री म्हणून माहीत आहे. आणि पुढे, मी काळ्या-गोऱ्यांना वेगळं ठेवणाऱ्या दक्षिणेत वाढलोय, ज्यांच्या वाट्याला ते आलं त्यांच्या रागाला जरा जागा द्या, त्यांच्या जागी मी असतो तर माझाही राग असाच, कदाचित जास्तच असता. या माणसाला या बोलण्यातून एक मत मिळणार नव्हतं. त्याने भाषण ऐकलं आणि आपल्याला जे माहीत होतं ते त्यात घातलं. प्रतिक्रिया म्हणजे हे.

हिलरी क्लिंटन आठवडाभर गप्प होत्या. मग स्वतःच्याच बॉस्नियातल्या गोळीबाराच्या कहाणीवरून अडचणीत आल्या, आणि नेमक्या त्याच वेळी पेनसिल्व्हेनियातल्या एका वर्तमानपत्राला म्हणाल्या की माझा पाद्री असा असता तर मी राहिले नसते. वेळ साधायची कला सगळीकडे सारखीच.

आता येतो त्या मूळ प्रश्नावर. मतं मिळाली का?

घ्या उत्तर. कळत नाही. पेनसिल्व्हेनिया, जिथे भाषण झालं तेच राज्य, २२ एप्रिलला ओबामा नऊएक टक्क्यांनी हरले. म्हणजे भाषण फसलं? मे महिन्यात नॉर्थ कॅरोलायना मोठ्या फरकाने जिंकले. म्हणजे यशस्वी? दरम्यान राईट यांनी २८ एप्रिलला वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये पत्रकारांसमोर सगळं पुन्हा, आणखी जोरात म्हटलं, एड्सचंही. दुसऱ्या दिवशी ओबामांनी त्यांच्याशी संबंध तोडले. महिनाभराने चर्चही सोडलं. ज्याला मी काढून टाकू शकत नाही असं मार्चमध्ये म्हटलं, त्याला सहा आठवड्यांत काढून टाकलं. यात राईट यांचा हट्ट होता, ओबामांचा हिशेबही होता. नोव्हेंबरमध्ये ते ३६५ विरुद्ध १७३ ने जिंकले, पण तोवर बँका बुडाल्या होत्या आणि लोक नोकरी टिकेल का या काळजीत होते. मार्चमधल्या भाषणाने किती मतं दिली हे कुणी मायेचा पूत सांगू शकत नाही. तरी जे छातीठोक सांगतात त्यांना तज्ज्ञ म्हणतात.

पण एक गोष्ट मोजली गेली, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. प्यू या संस्थेच्या त्या वेळच्या पाहणीत ८५ टक्के लोकांनी या भाषणाबद्दल थोडंफार तरी ऐकल्याचं सांगितलं आणि ५४ टक्क्यांनी बरंच ऐकल्याचं. सीबीएसच्या पाहणीत, ज्यांना भाषण माहीत होतं त्यातल्या दहापैकी जवळपास सात मतदारांनी विषय चांगला मांडला म्हटलं. यूट्यूब तेव्हा तीन वर्षांचं पोर होतं, स्मार्टफोन मूठभर लोकांकडे, आणि तरी पहिल्या काही दिवसांतच लाखो लोकांनी ते पूर्ण सदतीस मिनिटांचं भाषण उघडलं. नाच नाही, गाणं नाही, भांडण नाही. एक माणूस उभा राहून वाचतोय.

म्हणजे "लोकांना वेळ नाही, लोकांना लांब काही नको" हे जे आम्ही पत्रकार आणि ते प्रचारवाले सारखं म्हणतो, ते खोटं आहे. लोकांना वेळ होता. वेळ वाहिन्यांना नव्हता. सदतीस मिनिटं अखंड दाखवली तर मध्ये जाहिरात कुठे घालणार? दहा सेकंदांची क्लिप दाखवली तर तिच्यावर चार पाहुणे बसवून तासभर भांडण लावता येतं. क्लिप लोकांसाठी नसते, भांडणासाठी असते.

गंमत बघा, ओबामांनी हे भाषणातच सांगून ठेवलं होतं. म्हणाले होते की आपण आता निवडणुकीपर्यंत रोज प्रत्येक वाहिनीवर राईट यांची प्रवचनं दाखवू शकतो, किंवा हिलरींच्या एखाद्या समर्थकाची चूक पकडू शकतो, आणि पुढच्या निवडणुकीत दुसरं काहीतरी. नाहीतर या वेळी मोडकळीला आलेल्या शाळांबद्दल, इस्पितळाच्या रांगांबद्दल, बंद पडलेल्या गिरण्यांबद्दल बोलू शकतो. लोकांनी हे ऐकलं, आणि वाहिन्यांनी त्याच संध्याकाळी पहिला पर्याय निवडला. आणि तीनच आठवड्यांनी स्वतः ओबामा सॅन फ्रान्सिस्कोतल्या श्रीमंत देणगीदारांसमोर छोट्या गावातल्या लोकांबद्दल बोलले की ते कडवट झालेत आणि बंदुकीला नि धर्माला चिकटून बसतात. ज्या गोऱ्या कष्टकऱ्याचा राग त्यांनी फिलाडेल्फियात एवढ्या आदराने मांडला, त्याच्याबद्दल बंद दाराआड असं! त्याचीही क्लिप झाली. ती मात्र झाली ते बरंच झालं म्हणतो मी. कारण तिथे मागेपुढे ऐकलं तरी चित्र फारसं सुधारत नाही.

जॉन मॅकेन यांचं नाव न घेता पुढे गेलो तर अन्याय होईल. रिपब्लिकन उमेदवार. नॉर्थ कॅरोलायनातल्या त्यांच्याच पक्षाने एप्रिलमध्ये राईट यांची क्लिप घेऊन जाहिरात काढली, तर मॅकेन यांनी ती थांबवा म्हणून उघड सांगितलं. पक्षाने ऐकलं नाही, तो भाग वेगळा. पुढे मुख्य निवडणुकीतही, हरत असताना, सल्लागार मागे लागलेले असताना, त्यांनी स्वतःच्या प्रचारात राईट यांना हात लावला नाही. कदाचित त्यामुळे काही मतं गेली असतील. गेली तर गेली.

आता जरा आमच्या धंद्याबद्दल. गावात सभा असली की आम्ही काय करतो? आठ-दहा जण माइक घेऊन मागच्या बाजूला उभे. भाषण चालू असताना मोबाइलवर. नेता खाली उतरला की गाडीच्या दाराशी गराडा, "साहेब, विरोधकांबद्दल एक बाइट द्या." वरून निरोप असतो, चाळीस सेकंदांच्या वर पाठवू नका. साहेबांनाही हे माहीत असतं, म्हणून ते तास-दीड तासाच्या भाषणात असं एक वाक्य पेरून ठेवतात जे कापून नेण्यासाठीच बनवलेलं असतं. बाकीचं नुसतं पॅकिंग. शेतकरी, पाणी, बंद पडलेला कारखाना, सगळं पॅकिंग. मग आम्हीच लिहितो की भाषणात दम नव्हता. दम असलेलं भाषण केलं असतं तर ते छापणार कोण होता?

"पण भाऊ, तुमच्या त्या अमेरिकेतल्या भाषणाने तरी काय बदललं? पुढे तिकडेही द्वेषाचंच राजकारण जिंकलं ना?" हा प्रश्न मला परवाच एका जुन्या मित्राने केला. बदललं नसेल. भाषणाने घरकर्जं मिळत नाहीत, शाळा सुधारत नाहीत. भाषण फक्त एवढंच करतं की एखादी गोष्ट जी घराघरात कुजबुजत बोलली जात होती ती चारचौघांत मांडून ठेवते. पुढे त्याचं काय करायचं ते ऐकणाऱ्यावर. ऐकणारा जर दुसऱ्या दिवशी "आजीला बसखाली ढकललं" एवढंच म्हणत बसला, तर दोष भाषणाला का द्यायचा?

हे सगळं आता लिहायचं कारण सांगतो. आपल्याकडे सभांचा मोसम आला की या पेजवर दोन्ही-तिन्ही बाजूंचे लोक मेसेजमध्ये क्लिप पाठवतात. "ही टाका, व्हायरल होईल." कुणाच्या तरी भाषणातले बारा सेकंद, वर लाल बाण, खाली आग लागल्याचं चित्र. मी टाकत नाही म्हणून मला विकला गेलेला म्हणतात, आणि गंमत म्हणजे प्रत्येक बाजू दुसऱ्या बाजूला विकला गेलेला म्हणते.

तर नियम एकदाच लिहून ठेवतो. तालुक्यात सभा झाली तर सुरुवातीपासून शेवटपर्यंतचं रेकॉर्डिंग इथे येईल, कुठल्याही पक्षाचं असो, न कापता. आवाज खराब आला तर लेखी मजकूर टाकेन, वेळ लागेल, घाई करू नका. खाली कमेंट करणाऱ्याने कितव्या मिनिटाबद्दल बोलतोय ते लिहावं. ते न लिहिता आलेली कमेंट मी काढून टाकणार, मग ती माझ्या कौतुकाची असली तरी. आणि फिलाडेल्फियाचं ते भाषण अजून यूट्यूबवर आहे, इंग्रजीत आहे, पण सावकाश बोललंय. ज्यांना इंग्रजी जड जातं त्यांनी सांगा, पुढच्या चार रविवारी मी त्याचा मराठीत गोषवारा नाही, पूर्ण अनुवाद करून वाचून दाखवतो. दुकानाच्या मागच्या खोलीत दहा खुर्च्या आहेत, चहा माझा.